आवाज नसलेल्या गाडीसाठी वर झालेला हात

भाऊसाहेबांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. मी एकोणीस वर्षांची. वडिलांची जुनी स्कूटर घेऊन लायसन्सची परीक्षा द्यायला गेले होते. मैदानावर चुन्याने आठचा आकडा काढलेला, आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून मोटार वाहन निरीक्षक श्री. यशवंतराव सुर्वे खाकी गणवेशात डोळे मिटून बसलेले. उन्हाळ्याची दुपार होती. मला वाटलं, साहेबांना डुलकी लागली आहे. वळणावर तोल जायला लागला तसा मी पाय हळूच टेकवला आणि उचलला.

"पाय टेकलास," डोळे न उघडताच ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात ये."

पुढच्या महिन्यात तेच झालं. तिसऱ्यांदा मी चिडून विचारलं, "साहेब, तुम्ही बघतच नाही, मग नापास कसं करता?" तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि शांतपणे सांगितलं, "पाय टेकताना माणूस ॲक्सिलेटर सोडतो. गाडीचा श्वास बदलतो बेटा. मी तेवढंच ऐकतो." चौथ्या खेपेला मी पास झाले. त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या आहे. त्यांनी मला शिष्या मानलं का, हा प्रश्न मी आजवर विचारलेला नाही.

भाऊसाहेब यंदा पंच्याहत्तरी पूर्ण करत आहेत. ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी मंडळाने गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आणि मला लेख मागितला. मागताना चिटणीस जरा अडखळून म्हणाले, "रेखाताई, नोकरीबद्दल लिहा, रविवारच्या वर्गाबद्दल लिहा. वो हाथवाली बात रहने दो. बाहेरचे लोक वाचतील, हसतील." चिटणिसांचा मान राखून सांगते, नोकरीबद्दल लिहीनच. पण हाताची गोष्ट वगळून भाऊसाहेबांवर लिहायचं तर मला दोन पानांत आटपावं लागेल, आणि ते माझ्या स्वभावात नाही.

सुर्व्यांचं घराणं फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आलं. घोडेस्वारांचं घर. भाऊसाहेब चेष्टेने म्हणत, "आजोबा घोड्यांचे दात बघायचे, मी टायर बघतो." सबंध नोकरीत त्यांनी एकही गाडी कागद बघून पास केली नाही. आधी ऐकायची, मग हात लावायचा, कागद सर्वांत शेवटी. एकदा एका शाळेच्या बसचे सगळे कागद चोख असताना त्यांनी ती जागेवर उभी करून ठेवली. मालक मोठा माणूस होता, वरून फोन आले. भाऊसाहेबांचं एकच उत्तर, "ब्रेक मारल्यावर ही गाडी उसासा टाकते." चाक खोललं तेव्हा आतली पट्टी झिजून कागदासारखी झाली होती. त्या मालकांनी पुढे स्वतःच्या मुलीच्या लग्नात भाऊसाहेबांना पहिल्या रांगेत बसवलं.

ते निवृत्त झाले आणि काही वर्षांनी आपल्या गल्ल्यांतून बिजलीवाल्या गाड्या फिरू लागल्या. आम्हां सगळ्यांना त्यांचं कौतुक. धूर नाही, फडफड नाही. भाऊसाहेब मात्र पहिल्याच दिवशी अस्वस्थ झाले. दाना ओली या आपल्या गल्लीतल्या ओट्यावर ते चहा घेत बसले होते, मी समोर होते. एक मोपेड आमच्या अगदी जवळून गेली. त्यांच्या हातातली बशी हलली, चहा सांडला.

"ही कधी आली?" त्यांनी विचारलं. आयुष्यभर कानांनी गाड्या ओळखलेल्या माणसाच्या तोंडावर मी त्या दिवशी भीती पाहिली. मग हळू आवाजात ते म्हणाले, "रेखा, जी आली हे कळत नाही, ती गेली हे तरी कसं कळणार?" मला हसू आलं होतं. आता येत नाही.

घाबरून बसणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी नियमांची पुस्तकं मागवली, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला आणि मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. मोपेड घेतलेले निवृत्त लोक, शिक्षिका, डबे पोचवणाऱ्या बायका, सगळे येत. भाऊसाहेब शिकवत ते इतकं सोपं असे की मला आजही तोंडपाठ आहे. मोटारीची ताकद अडीचशे वॅटच्या आत आणि वेग ताशी पंचवीसच्या आत, दोन्ही गोष्टी एकदम असतील, तर कायद्याच्या नजरेत ती मोटारगाडी नाही. तिला नोंदणी नको, नंबर नको, विमा नको, चालवणाऱ्याला लायसन्स नको. यांतली एकही हद्द ओलांडली की ती मोटारगाडी झाली. मग हिरवी नंबरप्लेट, लायसन्स, विमा, हेल्मेट, सगळं लागतं. "आणि हद्द दुकानात ओलांडली की रस्त्यावर, याने काही फरक पडत नाही," हे वाक्य ते दोनदा म्हणत. नियम नसला तरी डोकं सगळ्यांनाच असतं, म्हणून हेल्मेट सगळ्यांनी घाला, असंही सांगत.

मी पहिल्या बाकावर बसून हे सगळं लिहून घेतलं आणि त्यातल्या अर्ध्यावर धंदा उभा केला.

नई सडकेवर माझं बिजलीवाल्या मोपेडचं दुकान होतं. बाहेर मी रंगाऱ्याकडून मोठ्या अक्षरांत पाटी लिहून घेतली होती : ना लायसन, ना नंबर, ना बीमा. भाऊसाहेब पाटीखाली उभे राहून बराच वेळ वाचत होते.

"रेखा, ये तो आधा कानून हुआ," ते म्हणाले. "खाली लिही, जब तक गाडी पच्चीस के अंदर रहे."

"भाऊसाहेब, पाटीवर जागाच नाही उरली," मी म्हटलं.

"मग अक्षरं लहान कर."

मी अक्षरं लहान केली नाहीत. ग्राहक लांबून वाचतात, हे माझं व्यापारी डोकं.

आता आमच्या दुकानाची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं. गाडी द्यायची त्या दिवशी आम्ही तिच्यावर स्वस्तिक काढत असू, चाकाखाली लिंबू ठेवत असू, हँडलला लाल फीत बांधत असू. फीत कापायला घरातलं वडीलधारं माणूस. कात्री पितळी मुठीची, तबकात ठेवलेली. फीत कापून झाली, पेढे वाटायला सुरुवात झाली, की मी गाडी 'शेवटचं एकदा पुसते' म्हणून पडद्यामागे न्यायची आणि त्याच कात्रीने सीटखालची एक पांढरी तार कापायची. ती तार वेग पंचवीसवर धरून ठेवते. ती कापली की गाडी चाळिसाला लागते. कुणी मागितलं नाही तरी मी कापत असे. भाजीवाली वरून कोथिंबीर घालते ना, तसं. लोक आठ दिवसांनी येऊन म्हणत, "भाभीजी, गाडी तो बडी तेज निकली." मी नुसती हसायची. कुणाला काही चुकीचं दिल्यासारखं मला वाटलं नाही. मला वाटायचं, मी दिलदार आहे.

दाना ओलीत भाऊसाहेबांच्या पलीकडे राहणाऱ्या गुप्ताजींनी माझ्याकडून मोपेड घेतली. गुडघे दुखत, आणि सिटी सेंटरला मुलाकडे जायचं असे. त्यांच्या घरात मोठं कुणी उरलेलं नव्हतं, म्हणून फीत कापायला त्यांनी भाऊसाहेबांना आणलं. भाऊसाहेबांनी फीत कापली, त्या सकाळीच धार लावून आणलेली कात्री माझ्या हातात दिली. काकू, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी कमलाबाई, शेजारी उभ्या होत्या. त्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं. मी गाडी पडद्यामागे नेली.

दोन महिन्यांनी, संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास, काकू दळणाचा डबा घेऊन चक्कीच्या पायऱ्या उतरल्या. गल्ली रिकामी होती. त्यांनी वरच्या बाजूला कान दिला असणार, चाळीस वर्षं त्या घरात राहून त्यांनाही ती सवय लागली होती. काही ऐकू आलं नाही म्हणून त्या पुढे झाल्या. वळणावरून गुप्ताजींची गाडी आली.

मी धावत पोचले तेव्हा काकूंना नेलं होतं आणि त्या गेल्याचा निरोपही आला होता. रस्ताभर पीठ पसरलं होतं. त्यात चाकाची एक लांब, सरळ रेघ. गुप्ताजी पायरीवर बसून एकच बोलत होते, "मैंने हॉर्न दिया था. दिया था ना? किसी ने सुना?" कुणी ऐकला नव्हता. कुणीतरी झाडू घेऊन आलं, तेव्हा भाऊसाहेब इस्पितळातून परत येऊन गल्लीच्या तोंडाशी उभे होते. ते म्हणाले, "आधी माप घ्या. मग झाडा." पोलिसांनी ती रेघ मोजली, आणि एवढी लांब रेघ पंचविसाच्या गाडीची नसते, हे तिथल्या तिथे भाऊसाहेबांनीच सांगितलं.

सीटखाली तार कापलेली निघाली. म्हणजे ती मोटारगाडी ठरली, आणि गुप्ताजी बिनालायसन्स, बिनाविमा, बिनानंबर मोटारगाडी चालवणारे. तार कुणी कापली, हे पोलिसांनी मला विचारलं. "गाडी जैसी आई थी, वैसी दी," मी म्हटलं. सगळी गल्ली धरून चालली की म्हाताऱ्याने हौसेपायी तार कापवून घेतली. त्यांचा मुलगा त्यांच्याशी बोलेनासा झाला. गुप्ताजींना तर अशी काही तार असते हेही ठाऊक नव्हतं, पण काही दिवसांनी ते स्वतःच म्हणू लागले, "शायद मैंने ही काटी होगी." त्यांनी जेवण सोडलं. मी एक शब्द बोलले असते तर तो माणूस सुटला असता. मी बोलले नाही. दुकान होतं, मंडळात नाव होतं, आणि भाऊसाहेबांना तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न होता. मी अठरा दिवस गप्प राहिले, हे इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवते.

एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी भाऊसाहेब दुकानात आले. नई सडकेवर ऊन असं की कुत्रंही दिसत नव्हतं. ते खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "रेखा, कात्री आण."

मी तबकातून कात्री आणली. त्यांनी ती कानाशी धरून उघडली, मिटली. उघडली, मिटली. मिटताना पात्याच्या एका जागी बारीकसा खट् असा आवाज होत होता. मला तो तोवर कधी ऐकू आला नव्हता.

"फीत कापली तेव्हा हा आवाज नव्हता," ते म्हणाले. "पेढा खाताना पडद्यामागून मला काहीतरी ऐकू आलं होतं. मी म्हटलं, असेल काही. उठून बघितलं नाही मी, रेखा. आयुष्यात एकदाच ऐकून सोडून दिलं." मग डोळे उघडून म्हणाले, "गुप्ताजी जेवत नाहीयेत. चल."

ते मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. ठाण्यापर्यंत आम्ही पायी गेलो, ते रस्त्याच्या बाजूने आणि मी आतल्या बाजूने, लहान मुलीला नेतात तसे. मी जबाब दिला. दुकान गेलं, खटला झाला, व्हायची ती शिक्षा झाली. गुप्ताजींनी त्या रात्री खिचडी खाल्ली, असं मला भाऊसाहेबांनीच कळवलं.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीच्या जेवणाला मी गेले तर माझ्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी. तेवढी दोन सोडून आख्खी पंगत भरली. भाऊसाहेब आले, माझ्या उजवीकडे बसले, त्यांच्यामागून गुप्ताजींना बोलावून डावीकडे बसवलं, आणि वाढप्याला म्हणाले, "वाढा, इथे तिघं आहोत." त्या पानावरचं वरण मला खारट लागलं, कारण मी रडत होते. मोठेपणा मोठेपणा म्हणतात तो मी एवढ्या जवळून तेवढा एकदाच पाहिला.

आता हाताची गोष्ट.

काकूंचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, पावणेसहाला, भाऊसाहेब ओट्यावरून उठले, वळणावर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला. खाकी अंगावर नव्हती, पण तो हात तसाच. गल्ली थांबली. हातगाडीवाला थांबला, शाळेची पोरं थांबली. सगळे वळणाकडे बघत राहिले. काही आलं नाही. चक्कीच्या दारात एक पांढरं कुत्रं झोपतं, त्याला काकू रोज पोळी घालत. ते उठलं, बाजूला झालं, चार पावलं भाऊसाहेबांच्या घराच्या दिशेने चाललं आणि परत येऊन झोपलं. भाऊसाहेबांनी हात खाली घेतला. "चला," म्हणाले. रहदारी सुरू झाली.

तेव्हापासून हे रोज आहे. दिवाळीला, होळीला, थंडीत धुकं उतरतं तेव्हाही. नवखा कुणी विचारतो, "दादा, क्या आ रहा है?" त्याला गल्लीतले म्हणतात, "गाडी निकल रही है, रुक जाओ." आणि तो रुकतो. मी स्वतः पाहिलंय, तेवढा वेळ चक्कीचा पट्टाही मंद होतो. विजेचा दाब कमी होत असेल.

मी एकदा धीर करून भाऊसाहेबांना विचारलं. त्यांनी वर्गात समजावतात तसं समजावलं. "भूतबीत काही नाही. नियम बघ. गाडी भंगारात गेली की तिची नोंदणी रद्द होते. मग ती संपते. आता ही गाडी. ही मोटारगाडी होती, पण नोंद कधी झालीच नाही. जी रजिस्टरात चढली नाही, ती रजिस्टरातून उतरणार कशी? तू सांग मला, ती संपली असं कोणत्या कागदावर आहे?"

ती गाडी तर माझ्या डोळ्यांदेखत गुप्ताजींच्या मुलाने भंगारवाल्याला तोडायला दिली होती. तरी त्या संध्याकाळी हात वर झाला तशी मीही थांबले.

आम्ही सगळे असंच समजून चाललो होतो की भाऊसाहेब त्या गाडीला वाट करून देतात. आपल्याला थांबवतात आणि तिला जाऊ देतात. मीही कितीतरी जणांना हेच सांगितलं. यंदाच्या माघापर्यंत.

माघात भाऊसाहेबांना ताप आला. उठवेना. गुप्ताजी उशाशी बसून होते. साडेपाच झाले तशी भाऊसाहेबांची चुळबुळ सुरू झाली. माझ्याकडे बघून म्हणाले, "आज तू जा."

"भाऊसाहेब, मी?"

"कात्री धरलेला हात आहे ना? तोच वर कर."

मी गेले. वळणावर ते जिथे उभे राहतात तिथला दगड पावलांनी गुळगुळीत झाला आहे. मी त्या दगडावर उभी राहिले आणि हात वर केला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. त्या दगडावर उभं राहिलं की पाठ गल्लीकडे होते. तळवा लोकांकडे नसतो, वळणाकडे असतो, वरून जे येतं त्याच्याकडे. आम्हांला कुणी थांबवतच नव्हतं. हात दिसला म्हणून आम्ही आपले थांबत होतो. भाऊसाहेब रोज त्या गाडीला थांबवत होते.

तळव्याला समोरून गार वारा लागला आणि एका जागी अडला. दाराला बाहेरून कुणी टेकावं, तसा दाब आला. मी हात हलू दिला नाही. माझ्या पाठीमागून, चक्कीच्या पायऱ्यांकडून, ताज्या दळणाचा ऊन ऊन वास आला. तो हळूहळू रस्ता ओलांडून गेला. कुत्रं उठलं. ते शेपटी हलवत होतं. इतकी वर्षं आम्ही सगळे वळणाकडे बघत राहिलो, त्याच्या शेपटीकडे कुणी पाहिलंच नव्हतं. ते भाऊसाहेबांच्या दारापर्यंत कुणाच्या तरी मागोमाग गेलं आणि परत आलं. तळव्यावरचा दाब गेला. मी हात खाली घेतला आणि "चला" म्हटलं.

घरात आले तर भाऊसाहेबांनी डोळे मिटलेले होते.

"पोचली का ग नीट?" त्यांनी विचारलं.

"पोचल्या, भाऊसाहेब."

"डबा?"

"डबा घेऊन पोचल्या."

त्यांनी मान हलवली आणि त्यांना झोप लागली. सकाळी ताप उतरला होता. संध्याकाळी ते दगडावर उभे होते.

भाऊसाहेब, या ग्रंथात तुम्हांला मोठमोठी माणसं दीर्घायुष्य चिंततील. मी शिष्या, मी आपलं स्वार्थाने मागते. तुमचे गुडघे, तुमचे कान आणि तुमचा उजवा खांदा यांना परमेश्वर बळ देवो. शंभर वर्षं तुम्ही त्या दगडावर उभे राहा. ती गाडी अजून कुठल्याच कागदावर रद्द झालेली नाही, आणि काकूंना रोज घरी पोचायचं असतं. तुम्ही थकाल त्या दिवशी मला नुसती हाक मारा. कात्री धरलेला तोच हात मी वर करीन.